गिअर हाताचा घ्यावा की दुहेरी क्लचचा?
मोटार घेणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

बीड शहरात रेल्वे यायला २०२५ साल उजाडावे लागले. आपल्या भागातला व्यापार आजवर रस्त्यावरच वाढला. कापडाचे गठ्ठे आणणे असो, आठवडी बाजार करणे असो की गावोगाव फर्निचरची कामे घेणे असो, गाडी हा दुकानाचाच एक भाग आहे. गाडी थांबली की धंदा थांबतो. म्हणून शोरूममध्ये "मॅन्युअल देऊ की ऑटोमॅटिक?" असे विचारले जाते, तेव्हा उत्तर विचार करूनच दिले पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नव्हे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली. तिच्यात गिअरबॉक्स व क्लच साध्या गाडीचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. दुहेरी क्लचची गाडी, म्हणजे डीसीटी, ही वेगळी आहे. आज आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत.

रचना कशी असते?

हाताच्या गिअरच्या गाडीत एक क्लच असतो. पाय दाबला की इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो, गिअर पडतो आणि पाय सोडला की संबंध पुन्हा जुळतो. डीसीटीत क्लच दोन असतात. एकाकडे १, ३, ५ हे गिअर, तर दुसऱ्याकडे २, ४, ६. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच तिसरा गिअर तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो तोच दुसरा पकडतो. त्यामुळे झटका बसत नाही व ओढ तुटत नाही. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर-३२ या मोटारीत ही पद्धत सर्वसामान्य ग्राहकांसाठी आणली. आपल्याकडे ह्युंदाईची व्हेन्यू २०१९ मध्ये, तर टाटांची अल्ट्रोझ २०२२ मध्ये अशा गिअरबॉक्ससह आली.

यातही दोन जाती आहेत. कोरड्या क्लचला थंड करायला फक्त हवा असते. ओला क्लच तेलात फिरतो व तेल उष्णता वाहून नेते. व्हेन्यूचा क्लच कोरडा, अल्ट्रोझचा ओला. घेताना हा प्रश्न जरूर विचारावा.

आपला रस्ता काय मागतो?

मोकळ्या महामार्गावर डीसीटीसारखे सुख नाही. गेवराईमार्गे छत्रपती संभाजीनगर गाठताना डाव्या पायाला कामच उरत नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांना याचे मोल अधिक.

पण धारूरचा घाट डोळ्यांसमोर आणा. गाळपाचा हंगाम आहे, पुढे उसाने भरलेली ट्रॉली मुंगीच्या पावलाने चढते आहे आणि मागे दहा गाड्या अडकल्या आहेत. अशा वेळी दोन पावले सरकायचे, पुन्हा थांबायचे. प्रत्येक वेळी क्लच अर्धवट पकडतो, घासतो व तापतो. हाताच्या गाडीतही हाफ क्लच जळतोच; पण तिथे पाय आपला असतो, वास येतो, आपण सावध होतो. डीसीटीत घासणे आतल्या आत चालते. चालकाला कळते ते पडद्यावर इशारा आल्यावर. त्यात मे महिन्याचे ऊन आणि मागे भरलेला माल!

डीसीटी असेल त्यांनी चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरू नये, ब्रेक दाबावा. पुढे थोडी जागा होऊ द्यावी, मग एकदम सरकावे. फार वेळ थांबायचे असेल तर हँडब्रेक ओढून न्यूट्रल करावे. उतारावर गिअर हाताने खालचा निवडावा.

बिघडली तर?

हाताच्या गाडीची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व बेअरिंग आपला उस्ताद बहुधा एका दिवसात बदलून देतो. बॅटरी उतरली तर चार जण धक्का मारून गाडी चालू करतात. डीसीटी धक्क्याने चालू होत नाही. तिच्या दुरुस्तीला खास हत्यारे व संगणक लागतो आणि खर्च साध्या क्लचच्या कितीतरी पट येतो. मोठ्या कंपन्यांनाही ही पद्धत सहज साधलेली नाही. २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला या गिअरबॉक्समुळे सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या.

म्हणून पुण्या-मुंबईची जुनी डीसीटी स्वस्त मिळते आहे, एवढ्यावर भुलू नये. ती गर्दीत सावकाश चालवून पाहावी, चढावर मागे घेऊन पाहावी. थरथरत असेल तर हात आवरावा. सर्व्हिसची नोंद पाहावी व संगणकावर तपासणी करून घ्यावी.

आमचा सल्ला

ज्याच्या घरी एकच गाडी आहे, तीच माल वाहते व तीच खेड्यापाड्यांत, घाटात जाते, त्याने हाताचा गिअरच घ्यावा. ज्याचा प्रवास मुख्यतः महामार्गावर आहे, ओझे कमी आहे, वॉरंटी शिल्लक आहे व कंपनीचे वर्कशॉप आवाक्यात आहे, त्याने डीसीटी खुशाल घ्यावी. शक्यतो ओल्या क्लचची, आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तेल वेळेवर बदलावे.

शेवटी एक शब्द गॅरेजवाल्या कारागीर बंधूंसाठी. या गाड्या आपल्या दारात येणारच आहेत. पाना आपल्या हाती आहे, त्याच्या जोडीला स्कॅनर शिकला पाहिजे. दुकानातल्या एखाद्या तरुण शागीर्दाला आताच हे शिक्षण द्या. नाही तर गाडी बीडची आणि मजुरी सव्वाशे किलोमीटरवरच्या शहराची, असे होईल.