ट्रकचे कूळ विचारावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात. दोन वर्षांच्या जुन्या ट्रकचे मात्र दोन्ही विचारावे! पहिला प्रश्न, मालक इतक्या लवकर विकतो का? हप्ते थकले, की अपघात झाला?

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांवर ऊस ओढलेला ट्रक नव्या रंगात तरुण दिसतो. पण चासीवरची वेल्डिंगची शिवण, दबलेले पाटे, एका बाजूने झिजलेले टायर खरे बोलतात. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा क्लचच्या पेडलाची झीज अधिक प्रामाणिक.

आर. सी. वर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचा ना हरकत दाखला मागावा. विमा, फिटनेस, थकलेली चलाने पाहावीत. विकणाऱ्यानेही नाव बदलल्याची खात्री करावी. अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाच्याच माथी येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले आहे.

घरातले दागिने गहाण पडण्यापूर्वी एवढी चौकशी नको का?