तळ्याकाठचा क्लब आणि त्याचे मालक

अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यात सेंट मायकल नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथे एक जुनी तीन मजली लाकडी इमारत अजून उभी आहे. तिला पुढच्या अंगाला लांबलचक ओसरी आहे. एवढी मोठी ओसरी कशासाठी बांधली असेल, हे आज समोर पाहून कळत नाही. समोर घरे, रस्ते आणि झाडी आहे. इमारत बांधली गेली तेव्हा मात्र ती पाण्याच्या काठावर होती. जवळजवळ दोन मैल लांबीचे ते तळे ३१ मे १८८९ रोजी दुपारी रिकामे झाले आणि खालच्या खोऱ्यातील २,२०९ माणसे त्या पाण्यात गेली.

ही इमारत म्हणजे साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लबचे उन्हाळी विश्रामगृह. जॉन्सटाउनच्या महापुराची हकीकत सांगताना बहुधा आधी पाऊस येतो, मग फुटलेले धरण आणि शेवटी बुडालेले शहर. या लेखात तीच हकीकत मालमत्तेच्या बाजूने पाहायची आहे. हे धरण कोणाकडून कोणाकडे गेले, आणि प्रत्येक नव्या मालकाने ते घेताना काय स्वीकारले व काय सोडून दिले, याचा हा शोध आहे.

धरण मुळात सरकारी होते. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग ही दोन शहरे जोडण्यासाठी पेनसिल्वेनिया राज्याने कालवे आणि रूळमार्ग यांची एक साखळी उभारली होती. उन्हाळ्यात जॉन्सटाउनच्या पश्चिमेकडील कालव्याला पाणी पुरत नसे. म्हणून शहरापासून सुमारे १४ मैलांवर, डोंगरात, मातीचे धरण बांधायचे ठरले. काम १८३८ मध्ये सुरू झाले, पैशाअभावी मध्ये रखडले आणि १८५३ मध्ये पुरे झाले. तोवर खासगी पेनसिल्वेनिया रेलरोड कंपनीची गाडी थेट पिट्सबर्गला पोहोचली होती. ज्या कालव्यासाठी धरण बांधले, त्याचीच गरज उरली नव्हती. १८५७ मध्ये राज्याने सगळी कालवा-व्यवस्था रेल्वे कंपनीला विकली. धरणही त्यातच गेले.

धरणाची उंची ७२ फूट आणि लांबी ९०० फुटांहून अधिक होती. मातीच्या धरणाचा मुख्य शत्रू म्हणजे माथ्यावरून वाहणारे पाणी. ते भराव खात जाते आणि पाहता पाहता खिंडार पाडते. म्हणून मूळ बांधणीत दोन सोयी होत्या. एका टोकाला खडक फोडून काढलेला सांडवा होता, आणि तळाशी पाणी सोडण्यासाठी पाच बिडाचे नळ होते. नळ उघडले की पातळी हवी तेवढी खाली आणता येई, आणि दुरुस्तीसाठी तळे रिकामेही करता येई. १८६२ मध्ये याच तळाच्या भागात धरणाला भगदाड पडले. त्या वेळी तळ्यात पाणी कमी असल्याने खाली फारसे नुकसान झाले नाही. रेल्वे कंपनीला धरणाचा काहीच उपयोग नव्हता. तिने ते तसेच सोडून दिले.

१८७५ मध्ये जॉन रायली या काँग्रेस-सदस्याने ही जागा २,५०० डॉलरना घेतली. त्याच्या काळात तळाचे पाचही नळ उपसून भंगारात विकले गेले. चार वर्षांनी त्याने ती बेंजामिन रफ या व्यावसायिकाला २,००० डॉलरना विकली. म्हणजे किंमत पाचशे डॉलरनी उतरली. जी गोष्ट धरणातून कायमची गेली होती, तिची नोंद या व्यवहारात कोणी वेगळी केली नाही.

रफच्या डोक्यात उन्हाळी क्लब होता. पिट्सबर्ग हे तेव्हा लोखंड, पोलाद आणि कोळशाच्या धुराचे शहर होते, आणि ज्यांच्या कारखान्यांतून तो धूर निघे त्यांना उन्हाळ्यात स्वच्छ हवा हवी होती. १८७९ मध्ये क्लबची नोंदणी झाली. क्लबचे सगळे कामकाज कँब्रिया काउंटीत चालणार होते. पण नोंदणी केली ती पिट्सबर्ग ज्या काउंटीत आहे त्या अ‍ॅलेगेनीत. सभासदांची संख्या साठीच्या आसपास राहिली. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, वकील फिलँडर नॉक्स, रेल्वे कंपनीचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट पिटकेर्न ही त्यांतली काही नावे. क्लबच्या इमारतीत ४७ खोल्या होत्या. शेजारी काठाने सभासदांनी आपापली घरे बांधली. त्यांना कॉटेज म्हणत, पण त्यांतली बरीच प्रशस्त, दोन-तीन मजली होती. जेवणासाठी मात्र सर्वांनी क्लबच्या भोजनगृहात यायचे असा रिवाज होता. तळ्यात मासे आणून सोडले, शिडाच्या होड्या आणि वाफेवर चालणाऱ्या छोट्या बोटी आल्या.

या सुखासाठी धरणात जे बदल झाले, ते एकेक पाहिले तर किरकोळ वाटतात. १८६२ चे भगदाड माती, दगड, झाडांच्या फांद्या, गवत असे हाताला येईल ते भरून बुजवले. तळाचे नळ पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून समोरासमोर दोन घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाची उंची दोन-तीन फूट कमी केली. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या लावल्या. भरावाचा मधला भाग हळूहळू खचून टोकांपेक्षा खाली आला, म्हणजे पाणी माथ्यावर चढलेच तर ते नेमके मध्यभागी चढणार होते. या सगळ्याचा एकत्रित अर्थ असा, की आता पातळी उतरवण्याचा मार्गच नव्हता. पाणी जाणार ते फक्त सांडव्यातून, आणि तोही जाळ्यांनी अडलेला.

हा धोका कोणाच्या लक्षात आला नव्हता असे नाही. जॉन्सटाउनच्या कँब्रिया आयर्न कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपला तज्ज्ञ जॉन फुल्टन याला पाहणीसाठी पाठवले. फुल्टनने दोन दोष दाखवले: पाणी सोडण्याची सोय नाही, आणि भरावातून गळती होते आहे. रफने उलट कळवले की क्लबच्या उद्योगापासून तुम्हाला कसलाही धोका नाही. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. ती नाकारली गेली. मग त्यांनी स्वतःच क्लबचे सभासदत्व विकत घेतले. आत राहून लक्ष ठेवता येईल, हा त्यांचा हेतू असावा. पण मॉरेल १८८५ मध्ये वारले आणि रफ १८८७ मध्ये. धरणाविषयीचा तो पत्रव्यवहार त्यांच्यामागे कोणी पुढे चालवला नाही. दर वसंतात धरण फुटल्याची आवई उठे आणि काही होत नसे, त्यामुळे जॉन्सटाउनमध्ये तो थट्टेचा विषय झाला होता.

३० मे १८८९ च्या रात्री त्या भागात असाधारण पाऊस झाला. सकाळी क्लबचे अध्यक्ष इलायस अंगर यांना तळे भराभर चढताना दिसले. हंगाम सुरू झाला नव्हता. सभासदांपैकी फारसे कोणी आलेले नव्हते. क्लबचे सांडपाण्याचे नळ टाकायला आलेले इटालियन मजूर धरणाच्या माथ्यावर माती चढवू लागले. सांडव्याच्या जाळ्या काढायचा प्रयत्न झाला, पण वाहून आलेल्या कचऱ्याने त्या घट्ट बसल्या होत्या. तरुण अभियंता जॉन पार्क घोड्यावरून साउथ फोर्क गावी धावला आणि तिथून तारेने इशारे गेले. ते कोणी फारसे मनावर घेतले नाहीत. दुपारी तीनच्या सुमारास धरण मधोमध फुटले. सुमारे दोन कोटी टन पाणी वाटेतली गावे, रेल्वेचे डबे, झाडे घेऊन खोऱ्यातून उतरले आणि चारच्या पुढे जॉन्सटाउनवर आदळले. ९९ कुटुंबांत एकही माणूस उरले नाही. मृतांपैकी सातशेहून अधिक जणांची ओळख कधीच पटली नाही. ते ग्रँडव्ह्यू दफनभूमीत निनावी दगडांखाली आहेत.

दावे झाले. क्लबची बाजू नॉक्स आणि त्यांचे भागीदार जेम्स रीड यांच्या कचेरीने सांभाळली, आणि दोघेही क्लबचे सभासद होते. न्यायालयांनी हे दैवी संकट मानले. क्लबच्या नावावर वसूल करण्याजोगे फारसे काही नव्हते, आणि सभासदांची खासगी संपत्ती क्लबपासून वेगळी होती. एकाही दाव्यात भरपाई मिळाली नाही. पुढे नॉक्स अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले, मेलन अर्थमंत्री. कार्नेगींनी जॉन्सटाउनला नवे ग्रंथालय बांधून दिले. त्या इमारतीत आज महापुराचे संग्रहालय आहे. देणगी देणाऱ्यांची नावे नोंदली गेली, पण न्यायालयात दोष कोणावरच ठरला नाही.

अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेच्या समितीने १८९१ मध्ये अहवाल दिला: मूळ उंची ठेवली असती तरी धरण वाचले नसते. क्लबला दिलासा देणारा हा निष्कर्ष शंभराहून अधिक वर्षे उद्धृत होत राहिला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या अभ्यासाने तो खोडून काढला. माथा खाली आणल्यामुळे पाणी बाहेर टाकण्याची क्षमता बरीच घटली होती, असे त्यातील जलगणित दाखवते.

कायद्यात मात्र एक बदल दिसतो. आपल्या जमिनीवर साठवलेली धोकादायक वस्तू निसटून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर हलगर्जी सिद्ध न करताही मालक जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १८६८ मध्ये मान्य केले होते. अमेरिकेतील अनेक न्यायालये ते नाकारत होती. जॉन्सटाउननंतरच्या वर्षांत ती त्याकडे वळू लागली, आणि या बदलामागे कायद्याचे अभ्यासक त्या महापुराची आठवण पाहतात. जे मेले त्यांना याचा उपयोग नव्हता.

रिकाम्या तळ्यावर क्लब परत भरला नाही. १९०४ मध्ये त्याचे सामान लिलावात गेले. पुढे कोळशाच्या खाणी निघाल्या आणि तळ्याच्या जागेवर सेंट मायकल वसले. १९६४ मध्ये धरणाचे उरलेले दोन बांध राष्ट्रीय स्मारक झाले, आणि २००६ मध्ये क्लबची इमारतही राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. सरकारने बांधून विकलेली ही मालमत्ता अशी पुन्हा सरकारकडे पोहोचली. मधल्या काळातली खरेदीखते एकापुढे एक मांडून पाहिली तर जमीन, पाणी, इमारत यांची नोंद सापडते. तळाच्या पाच नळांची जबाबदारी मात्र त्यांपैकी कोणत्याच कागदावर पुढच्या मालकाकडे सोपवलेली नाही.