सिमेंट शीटचा सांधा कोटेशनमध्ये लिहिलात का?



फायबर सिमेंट शीटची भिंत कशी उभी करायची हे व्हिडिओत दाखवून झालंय. आज बोलायचंय त्या कामातल्या एका गोष्टीवर, जी नवीन मुलं कोटेशन देताना हमखास विसरतात: सांधा. दोन शीटांच्या मधली तीन-चार मिलिमीटरची फट. तुमचा नफा या फटीतून कधी निघून जातो, कळतही नाही.

शीट लावणं तसं अवघड नाही. जीआय चॅनलची फ्रेम, ८ बाय ४ फुटांची ८ मिमी शीट, ड्रिल मशीन आणि दोन माणसं. संध्याकाळपर्यंत भिंत तयार, ग्राहक फोटो काढतो. फोन येतो तो नंतर, रंग झाल्यावर काही महिन्यांनी. भिंतीवर बरोबर चार-चार फुटांवर सरळ उभा तडा दिसतोय म्हणून. आणि तेव्हा तुमचं शेवटचं पेमेंट बाकी असेल, तर ते तिथेच अडकलं म्हणून समजा.

तडा का पडतो? ही शीट सिमेंट, सिलिका आणि सेल्युलोजच्या तंतूंपासून बनते. पावसाळ्यात ती हवेतला ओलावा घेऊन किंचित फुगते, उन्हाळ्यात आकसते. हालचाल अगदी थोडी असते, पण येते ती सगळी सांध्यावर. आपल्याकडे सुतार काय करतो, शीट शीटला घट्ट चिकटवून बसवतो आणि वरून पीओपी मारतो. पीओपी कडक आणि ठिसूळ. ते ही ओढाताण सोसत नाही, फुटतं. नुसती वॉल पुट्टी भरली तरी तेच. "आम्ही दहा वर्षं असंच करतोय" असं कोणी म्हणालं, तर दहा वर्षांत परत किती साइटवर जाऊन बघितलं तेवढं विचारा.

बरोबर पद्धत अशी. सांधा दिसू द्यायचा नसेल तर दाबलेल्या कडेची, म्हणजे टेपर एज शीट मागवा. साध्या चौकोनी कडेवर टेप लावली की तिथे फुगवटा येतो आणि बाजूने लाइट पडला की तो लपत नाही. प्रत्येक सांधा चॅनलवरच आला पाहिजे, अधांतरी नको. स्क्रू कडेपासून निदान १२ मिमी आत, नाहीतर कड तुटते. फट झाडून स्वच्छ करा, त्यात कंपनीचं जॉइंटिंग कंपाउंड दाबून भरा, वरून ५० मिमी रुंदीची फायबरग्लासची जाळीदार टेप. मग कंपाउंडचे आणखी दोन हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि कडेला पातळ होत जाणारा. शेवटचा हात साधारण फूटभर रुंद गेला की सांधा डोळ्याला सापडत नाही. मग पॉलिश पेपर, अल्कली सोसणारा प्रायमर, पुट्टी आणि रंग. कापताना आणि घासताना मास्क लावाच. ती सिलिकाची धूळ आहे, फुफ्फुसात गेली की परत येत नाही. कारागीर नको म्हणाला तरी तुम्ही आग्रह धरा.

आता यात खर्च कुठे आहे? कंपाउंड आणि टेपचा खर्च फार नाही. खर्च आहे थांबण्यात. एक हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा मारता येत नाही, सर्वसाधारणपणे एक दिवस तरी जातो, आणि जुलैमध्ये कोकणात काम करत असाल तर जास्तच.

हिशोब करून बघू. १२ फूट लांब, ८ फूट उंच भिंत म्हणजे ९६ चौरस फूट. उभ्या तीन शीटा, आठ-आठ फुटांचे दोन सांधे, १६ रनिंग फूट. तीन हात आणि घासून प्रायमर, अशा चार फेऱ्या. एका फेरीचं काम तासाभराचंही नाही, पण कारागीर अर्धी हजेरी घेणारच. समजा हजेरी १००० रुपये, तर चार फेऱ्यांचे २००० झाले. चौरस फुटाला जवळपास २१ रुपये! तुम्ही सगळं मिळून २० रुपये नफा धरला असेल तर खिशातून गेले.

आता तशाच पाच भिंती एका घरात असल्या तर? ४८० चौरस फूट, ८० रनिंग फूट, पण फेऱ्या त्याच चार, आणि अर्ध्या दिवसात ८० फुटांचा एक हात आरामात होतो. म्हणजे फुटाला चार रुपयांच्या आसपास. काम तेच, कारागीर तोच.

म्हणून एका भिंतीचं काम आलं की ग्राहकाला मी आधी दुसरा पर्याय दाखवतो: सांधा लपवायचाच नाही. चौकोनी कडेची शीट, मध्ये ६ मिमीची सरळ खाच, मागचं चॅनल आधीच काळं रंगवलेलं. किंवा ॲल्युमिनियमची पट्टी. ते डिझाइन म्हणून छान दिसतं, शीटला हलायला जागा राहते आणि सांध्याचं काम त्याच दिवशी संपतं. अट एकच, खाच ओळंब्यात हवी. वाकडी खाच लपवता येत नाही.

टीव्हीच्या मागे एकसंध भिंत हवीच म्हणणारे ग्राहक असतात. त्यांना नाही म्हणू नका. फक्त कोटेशनमध्ये सांधा वेगळ्या ओळीत, रनिंग फुटाने लिहा. सोबत चार दिवसांचा वेळही लिहा. "शेजारचा तर फुटात सगळं करून देतो" हे ऐकावं लागेल. तेव्हा हातात सँपल हवं. फूट बाय फुटाचे दोन-दोन तुकडे जोडून एका सांध्यात पीओपी आणि दुसऱ्यात टेप-कंपाउंड भरून ठेवा. ग्राहकासमोर दोन्ही हलकेच वाकवून दाखवा.

अजून एक. भिंतीला ओल आहे म्हणून शीट लावा, असं सांगणारे ग्राहक भरपूर येतात. शीट कुजणार नाही हे खरं, पण मागची ओल सांध्याच्या रंगावर पोपडे काढणार. आधी गळती बंद, मग शीट, आणि खाली फरशीपासून १० मिमी जागा सोडून स्कर्टिंग. ग्राहक ऐकत नसेल तर कोटेशनवरच लिहा, "ओलीमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी नाही", आणि ॲडव्हान्स घेण्याआधी त्यावर सही घ्या.