उसवलेला धागा – ७ : येलो मोझॅकला फुकटचा पहारा

या लेखमालेत या आठवड्यात डीएनए सांभाळणाऱ्या व्हर्ली प्रथिनांची पाळी होती. पण कळंब तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आणि व्हर्लींचा नंबर एका भागाने मागे गेला. पत्रलेखक सोयाबीन उत्पादक आहेत आणि लेखमाला बारकाईने वाचतात. त्यांचा प्रश्न असा : पेशीत डीएनएचा पदर एकेरी पडला की आरपीए हे प्रथिन लगेच त्याच्यावर जाऊन बसतं, असं मागच्या भागात आलं. येलो मोझॅकच्या विषाणूचा डीएनए तर मुळातच एकेरी. मग आरपीए त्याच्यावरही बसतं का? आणि बसलं तर फायदा झाडाचा की विषाणूचा?

प्रश्न नेमका आहे. उत्तराचा मोठा भाग दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेतून आलेला आहे.

आधी रोगाची ओळख. धाराशिवकडे सोयाबीन पिवळं पडलं म्हणजे येलो मोझॅकच असेल असं नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग एकसारखा पिवळा होतो. येलो मोझॅकमध्ये पिवळेजर्द आणि हिरवे चट्टे वेडेवाकडे मिसळलेले दिसतात. शेंगा कमी धरतात, दाणा बारीक राहतो. २०२३ च्या खरिपात मराठवाड्यातल्या अनेक शिवारांनी हे पाहिलं. रोग पसरवते पांढरी माशी. दिल्लीत मुगावर तो १९५५ मध्ये नजरेस आला आणि नरियानी यांनी १९६० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. सोयाबीनवर तो आणणारे विषाणू मुख्यतः दोन, एकमेकांच्या अगदी जवळच्या नात्यातले. त्यांपैकी ‘मुंगबीन यलो मोझॅक इंडिया व्हायरस’ या प्रश्नासाठी महत्त्वाचा.

त्याचा संसार अगदी आटोपशीर. एकेरी डीएनएची दोन वर्तुळं, प्रत्येकी सुमारे २,७०० अक्षरांची. सोयाबीनच्या जनुकसंचात साधारण ११० कोटी अक्षरं असतात, हे लक्षात घेतलं की अंतर कळतं. डीएनएची प्रत काढणारं पॉलिमरेज या विषाणूकडे नाही. स्वतःचं म्हणावं असं ‘रेप’ नावाचं एक प्रथिन आहे, आणि प्रत काढण्याचा मुहूर्त तेवढा ते करतं. बाकी सगळं साहित्य यजमानाचं.

पेशीच्या केंद्रकात शिरल्यावर यजमानाची यंत्रणाच एकेरी वर्तुळाला जोडीदार पदर बनवून देते. मग रेप त्या वर्तुळावरची ठरावीक जागा हुडकतं. तिथे डीएनएचा एक लहान फास असतो आणि त्यात टीएएटीएटीटीएसी ही नऊ अक्षरं. सातव्या आणि आठव्या अक्षरांच्या मधोमध रेप छेद देतं. छेदाच्या टोकापासून नवा पदर वर्तुळाभोवती वाढत जातो आणि जुना पदर सुटत जातो. दर फेऱ्याला एकेरी डीएनएची नवी लांबी मोकळी पडते.

सुतळीचा पीळ उलगडून एक पदर सोडला की तो स्वतःभोवतीच गुंडाळी खातो. एकेरी डीएनएचंही तसंच होतं; शिवाय तो तोडणारी विकरं पेशीत हजर असतात. झाडाच्या स्वतःच्या डीएनएची प्रत निघताना ही आपत्ती आरपीए टाळतं. त्याचे तीन घटक, सुमारे ७०, ३२ आणि १४ किलोडाल्टन वजनाचे, नियमित वाचकांच्या ओळखीचे आहेत.

इंटरनॅशनल सेंटर फॉर जेनेटिक इंजिनिअरिंग अँड बायोटेक्नॉलॉजी या संस्थेच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेत सुनील मुखर्जी यांच्या गटाने याच विषाणूवर काम केलं. त्यांनी वाटाण्यातून आरपीएचे ७० आणि ३२ हे दोन घटक वेगळे काढले आणि यीस्टमध्ये विषाणूच्या डीएनएची प्रत निघेल अशी व्यवस्था उभी केली. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. रेपशी थेट हातमिळवणी करतो तो ३२ चा घटक, आणि ती रेपच्या शेपटाकडच्या भागाशी. त्याच्या सान्निध्यात रेपची एटीपी फोडण्याची क्षमता वाढते, तर डीएनएला छेद देऊन पुन्हा सांधण्याचं काम मंदावतं. सुरुवातीचा छेद एकदा झाला की पुढे सारखी कापाकापी विषाणूलाही नकोच असणार. म्हणजे वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर : आरपीए विषाणूच्या उपयोगी पडतं.

याच गटाने पुढे दुरुस्ती खात्यातली दोन प्रथिनंही तपासली. रॅड५४ (२०१२) आणि रॅड५१ (२०१३) ही दोन्ही एरवी तुटलेला डीएनए सांधण्याच्या कामातली. विषाणूच्या प्रती निघण्यातही त्यांचा हात दिसला.

एक अडचण उरते. पुरती वाढ झालेल्या पानातल्या बहुतेक पेशींचं विभाजन थांबलेलं असतं, त्यामुळे प्रत काढण्याची यंत्रणाही बंद. रेप तिथेही मार्ग काढतं. विभाजनाला लगाम घालणाऱ्या रेटिनोब्लास्टोमासदृश प्रथिनाला ते धरतं आणि बंद कारखाना सुरू करायला लावतं.

मग आरपीएच काढून टाकलं तर? पत्राच्या शेवटी हाही प्रश्न होता. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपात ३२ च्या घटकाची जनुकं दोन. त्यांतलं एक बिघडलं तर रोप जगतं, पण जनुकं गप्प ठेवण्याची घडी विस्कटते आणि वाढत्या शेंड्याचं कामही बिनसतं. भातात मोठ्या घटकाचं एक जनुक बंद केलं तेव्हा रोपं वरवर नेहमीसारखी वाढली, पण वांझ निघाली. सोयाबीनमध्ये दाणाच हवा असतो, तिथे हा सौदा परवडणारा नाही. म्हणून शेतातला बंदोबस्त अजून रोग सोसणारं वाण, रोगट झाड दिसताच उपटणं आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, याच वाटेने चालतो.

व्हर्ली आता पुढच्या भागात. हरितलवकात काम करणारी व्हर्ली-१ आणि व्हर्ली-३ ही दोन्ही प्रथिनं नसतील, तर अरॅबिडॉप्सिसच्या काही रोपांची पानं चट्टेरी होतात. तिथे ना पांढरी माशी असते, ना विषाणू. हरितलवकातला डीएनएच भलत्या जागी सांधला गेलेला असतो.