कोराडीहून पचमढी : रंग बदलणाऱ्या सातपुड्याची वाट

नागपूरहून सावनेरच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर कोराडी येते. औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी, तलाव आणि महालक्ष्मी जगदंबेचं देऊळ ही तिची ओळख. देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि रात्री प्रौढा दिसते, अशी भाविकांची श्रद्धा. दर्शन झालं की बहुतेक गाड्या माघारी वळतात. हाच रस्ता धरून पुढे गेलं, तर दिवस मावळायच्या आत पचमढी गाठता येते. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलं, तर अख्खा डोंगर रंग बदलताना दिसतो.

पानांचे रंग पाहायचे म्हणजे ऑक्टोबरअखेर काश्मीरचे चिनार, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिथे दिवस लहान होतात, थंडी वाढते, पानातलं हरितद्रव्य विरतं आणि पिवळे-तांबडे रंग दिसू लागतात. सातपुड्यात पानगळ होते ती कोरडेपणामुळे. पावसाळ्यात मुरलेलं पाणी माघ-फाल्गुनापर्यंत आटत येतं आणि ओल वाचवायला झाडं पानं टाकतात. म्हणून ऑक्टोबरात इथे जंगल हिरवंगार असतं आणि रंगांचा हंगाम सुरू होतो होळीच्या आगेमागे.

सावनेर मागे पडलं की राज्याची हद्द संपते, मराठी मात्र संपत नाही. सौंसरच्या बाजारात ती सर्रास कानावर पडते. रामाकोनानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो. इथलं जंगल सागाचं. घाटात गाडी सुरक्षित जागी उभी करून पाच मिनिटं शांत थांबावं. सुपाएवढं वाळकं पान फांद्यांना आपटत खाली येतं आणि पाचोळ्यावर पडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. सागाचा रंग तपकिरी, धावड्याचा तांबूस. मधूनच पानं टाकून केशरी फुलांनी भरलेला पळस.

छिंदवाडा, परासिया ओलांडून तामिया आलं की दऱ्या खोल होतात. भारिया आदिवासींचं पाताळकोट इथून जवळच. या पट्ट्यात कुसुमाचं झाड शोधावं. त्याची लाली जुन्या पानांची नसते, नव्या पालवीची असते. कोवळं पान उन्हाकडे धरलं तर काचेसारखं लालभडक दिसतं. हे लाल द्रव्य कोवळ्या पानाचा कडक उन्हापासून बचाव करतं, असं मानलं जातं. पान जून झालं की हिरवं होतं. मोहाची पालवीही अशीच तांबूस फुटते. एकाच उतारावर पानगळ आणि पालवी शेजारी शेजारी पाहायला मिळते, हे या डोंगराचं वैशिष्ट्य.

मटकुलीहून चढ चढून पचमढी. कॅप्टन जेम्स फोर्सिथ इथे आला आणि पुढे हे थंड हवेचं ठिकाण वसलं. वालुकाश्माच्या या पठारावर सालाची झाडं आहेत. साल कधी पुरता निष्पर्ण होत नाही, त्यामुळे खालचं सागाचं रान उघडं पडलं तरी माथ्यावर हिरवाई टिकते. सुमारे 1,350 मीटर उंचीच्या धूपगडावरून, म्हणजे सातपुड्याच्या सर्वोच्च माथ्यावरून, उतारांचे रंग संध्याकाळच्या उन्हात उत्तम दिसतात.

विदर्भाला ही वाट नवी नाही. माघातल्या महाशिवरात्रीला नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या पचमढीजवळच्या चौरागडचा महादेव चढत आली आहेत. यात्रेत सामील व्हायचं नसेल तर ते दिवस टाळावेत, कारण खोली मिळणं मुश्कील. एरवी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य ही वेळ उत्तम. कोराडीहून पहाटे निघावं, तामियात दुपारचा विसावा घ्यावा, पचमढीत दोन मुक्काम ठेवावेत. जंगलातल्या ठिकाणांसाठी वन विभागाची परवानगी आणि स्थानिक जिप्सीची चौकशी आधीच करावी.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. या दिवसांत सगळं रान वाळलेल्या पाचोळ्याने झाकलेलं असतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. जंगलात विडी-सिगारेट ओढू नका, चूल मांडू नका, आणि कुठे धूर दिसला तर जवळच्या वनचौकीला लगेच कळवा.