भोक टेलिफोनचं, डोकं कंपनीचं

२००० नंतरच्या काही वर्षांतला जवळपास कुठलाही लॅपटॉप घ्या, कडेला दोन चौकोनी भोकं सापडतील. मोठं नेटवर्कच्या केबलचं, लहान टेलिफोनच्या वायरचं. चिपळुणातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारी कॉलेजची पोरं हल्ली त्या लहान भोकाकडे बोट दाखवून विचारतात, "हे कशाला?" मोडेमसाठी, असं मी सांगतो खरं, पण आत पुरता मोडेम नसतोच. लिनक्स वापरणाऱ्यांची परवड तिथूनच सुरू व्हायची.

सिरियल पोर्टला लावायचा, लुकलुकत्या दिव्यांचा जुना मोडेम स्वतःच्या डोक्याने चालायचा. हेज कंपनीच्या १९८१ सालच्या स्मार्टमोडेमपासून त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरून गेलेलं. 'एटीडीटी' आणि पुढे नंबर लिहिला की डायल करणार, 'एटीएच' म्हटलं की फोन ठेवणार. कॉम्प्युटरवर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. पुढे खर्च वाचवायला कंपन्यांनी त्यातला प्रोसेसरच काढून टाकला. उरलं ते टेलिफोनची लाईन सांभाळणारं सर्किट आणि आवाजाचे आकडे, आकड्यांचा आवाज करणारी चिप. पलीकडच्या मोडेमच्या किंकाळ्यांतून शून्य आणि एक निवडायचे, लाईनवरचा प्रतिध्वनी काढायचा, चुका दुरुस्त करायच्या, ही खरी मेहनत लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडली. जातं दिलं, दळायचं घरच्यांनी! आणि ते कसं दळायचं हे ज्या ड्रायव्हरमध्ये लिहिलेलं, तो बहुतेक वेळा फक्त विंडोजसाठी.

२००७ च्या सुमाराला माझ्याकडे एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. त्यांच्या गावात ब्रॉडबँड पोचलं नव्हतं, टेलिफोन मात्र होता. उबुंटू या लिनक्सच्या सीड्या तेव्हा जगभर पोस्टाने फुकट मिळायच्या. त्याचं कारणही साधं होतं: ७०० एमबीची सीडी डायल-अपवर, सेकंदाला चार-पाच केबीने उतरवायची तर जवळपास दोन दिवस लागले असते, आणि तेही लाईन न तुटता. मास्तरांनी सीडी मागवली, मुलाने दिलेल्या लॅपटॉपवर स्वतः चढवली आणि तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बाकी सगळं झकास चाललंय रे. टेलिफोन तेवढा लागत नाही."

यंत्रात काय काय आहे याची यादी काढली तर इंटेलचा एसी-९७ मोडेम कंट्रोलर दिसला. म्हणजे साऊंड कार्डाचाच सख्खा भाऊ. त्याच्याकडून नुसते आवाजाचे आकडे घ्यायला-द्यायला लिनक्सच्या अल्सा या ध्वनियंत्रणेत खुला ड्रायव्हर तयारच होता. त्या आकड्यांचा अर्थ लावायचं काम स्मार्ट लिंक कंपनीचा एसएलमोडेमडी नावाचा प्रोग्रॅम करायचा. आता हा प्रोग्रॅम नेटवर, आणि नेट लागायचं तर हा प्रोग्रॅम हवा. मी तो सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणला. आत बहुतेक फायली उघड्या, वाचता येतील अशा. फक्त डीएसपीलिब्ज नावाची एक फाईल थेट यंत्रभाषेत, झाकलेली, आणि सगळी विद्या नेमकी तिच्यात. खुल्या सिस्टिमवर असली फाईल चालवावी का, यावर लिनक्सवाल्यांत तावातावाने भांडणं होत. मास्तरांना मी हे समजावलं तर म्हणाले, "चाळीस वर्षं बंद पाकिटंच पोचवली की. पोचल्याशी मतलब."

प्रोग्रॅम सुरू झाला, नंबर दिला, उत्तर आलं: डायलटोन नाही. रिसीव्हर कानाला लावला तर टोन छान ऐकू येतोय! मोडेमला देश सांगावा लागतो, न सांगितला तर तो अमेरिका धरून चालतो. अमेरिकेचा डायलटोन ३५० आणि ४४० हर्ट्झ अशा दोन सुरांचा, आपला ४०० हर्ट्झचा, थरथरता. त्याच्या लेखी आपली लाईन मुकीच. देश बदलला, वर 'एटीएक्स३' ही आज्ञा दिली, म्हणजे टोनची वाट न बघता डायल कर. डब्ल्यूव्हीडायल या डायल करणाऱ्या प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये 'कॅरियर चेक' समोर 'नो' लिहिलं, कारण लाईन जोडली गेल्याची खूण एसएलमोडेमडी हार्डवेअर मोडेमसारखी देत नाही. मग स्पीकरमधून ती ओळखीची किंकाळी आली.

५६ के वगैरे विसरा. तो वेग मिळायचा तर इंटरनेट कंपनीपासून एक्स्चेंजपर्यंतचा सगळा रस्ता डिजिटल हवा आणि एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तार चोख. कोकणातल्या पावसात तारेचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण मास्तरांचं ईमेल आलं-गेलं.

कोनेक्झंटच्या चिपवाल्यांचे हाल याहून जास्त. त्यांचा ड्रायव्हर कॅनडातली लिनक्संट कंपनी द्यायची. फुकटच्या आवृत्तीला वेग १४.४ केचा, पुरा हवा तर पैसे मोजा. २००४ मध्ये या कंपनीची एक करामत उघड झाली. बाहेरचा भाग आत घेताना लिनक्सचा कर्नल त्याचा परवाना विचारतो, आणि खुला नसेल तर तशी नोंद करून ठेवतो. लिनक्संटने उत्तरात 'जीपीएल' हा खुला परवाना लिहून लगेच एक शून्य अक्षर टाकलं, आणि खुलेपणा फक्त काही फायलींपुरता आहे हा खुलासा त्याच्या पुढे. कर्नल शून्यापर्यंतच वाचतो, सबब ड्रायव्हर खुला ठरला. इशाऱ्यांचे तेच तेच संदेश बघून गिऱ्हाईक गोंधळू नये म्हणून असं केलं, ही कंपनीची सफाई. मला ती निम्मीच पटते. कर्नलवाल्यांना तर अजिबात पटली नाही.

गंमत म्हणजे स्मार्ट लिंकचा तोच झाकलेला तुकडा २०२१ मध्ये एऑन सायबर लॅब्सने मोडेमच्या चिपपासून पार वेगळा केला. त्यांच्या डी-मोडेममध्ये तो इंटरनेटवरच्या फोन कॉलला थेट जोडलाय, म्हणजे चिप नको, वायर नको, भोकही नको. डायल-अपचं म्हणाल तर, अमेरिकेत एओएल कंपनीने आपली ती सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली.

तरी माळ्यावर असा लॅपटॉप असेल आणि हौस असेल तर जरूर करून बघा. तांब्याची लाईन उरली नसेल तर फायबरच्या डब्यावरच्या फोनलाही वायर लागते, फक्त आवाज दाबून पाठवणारा कोडेक असला तर मोडेमचं बोलणं त्यातून धड जात नाही. कोडेक जी-७११ असेल तर जमू शकतं, वेग कमी ठेवा. आणि फोन कोणाला लावायचा ते आधी ठरवा, पलीकडेही मोडेम लागतो. माझ्या दुकानात एक आहे, रात्री आठच्या आत लावा.