औद्योगिक विभागीकरण (अवजड उद्योग क्षेत्रे)

औद्योगिक विभागीकरण : नगराच्या विकास योजनेत उद्योगधंद्यांसाठी स्वतंत्र विभाग राखून, कोणत्या विभागात कोणता उद्योग चालावा आणि तो इतर वापरांपासून किती अंतरावर असावा, हे नियमांनी ठरविण्याच्या पद्धतीस औद्योगिक विभागीकरण म्हणतात. [⟶ नगररचना]. अशा विभागांच्या श्रेणीत सर्वांत खालच्या पायरीवर अवजड उद्योगांचे क्षेत्र असते. तेलशुद्धीकरण, लोखंड व पोलाद, सिमेंट, खते व मूलरसायने, कातडी कमावणे, औष्णिक वीजनिर्मिती इ. उद्योग त्यात मोडतात. ही क्षेत्रे प्रत्यक्षात नेहमीच मिश्र असतात. मोठ्या कारखान्याभोवती गुदामे, दुरुस्तीच्या कार्यशाळा, मालमोटारींचे तळ, उपाहारगृहे आणि कालांतराने कामगारांची घरे उभी राहतात. नियमांची खरी कसोटी लागते ती या दुसऱ्या वर्गातील बांधकामांबाबत. कारण कारखान्याची जागा एकदाच ठरते, घरांची मात्र दर वर्षी नव्याने ठरत असते.

उद्योगांची उपद्रवानुसार वर्गवारी करण्याचा पहिला महत्त्वाचा कायदेशीर प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. नेपोलियनच्या १५ ऑक्टोबर १८१० च्या हुकुमाने दुर्गंधी वा अपायकारक कारखान्यांचे तीन वर्ग केले : वस्तीपासून दूरच ठेवावयाचे, त्रास होणार नाही अशी खात्री पटल्यावर वस्तीजवळ चालू शकणारे, आणि पोलिसांच्या देखरेखीखाली वस्तीतही राहू शकणारे. ‘दूर’ म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नव्हते. संपूर्ण नगराची विभागवार आखणी करून प्रत्येक विभागाला निराळे बांधकाम-नियम लावण्याची पद्धत जर्मनीत रूढ झाली. फ्रँकफुर्टचे महापौर फ्रान्ट्स आडिकेस यांच्या कारकीर्दीत १८९१ मध्ये केलेले नियम या बाबतीत मार्गदर्शक ठरले.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या पद्धतीला घटनात्मक कसोटीतून जावे लागले. लॉस अँजेल्समधील हॅडाचेक नावाच्या गृहस्थाची वीटभट्टी शहराच्या हद्दीबाहेर होती. पुढे शहर वाढत तेथवर आले आणि ती बंद करण्याचा नियम झाला. आपल्या आठ लाख डॉलर किंमतीच्या जमिनीचे मोल साठ हजारांवर येईल, असे त्याचे म्हणणे होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये नियम वैध ठरविला. पुढील वर्षी न्यूयॉर्क शहराने संपूर्ण शहरासाठी विभागीकरणाचा ठराव केला. त्यात भूवापराचे निवासी, व्यापारी आणि ‘अनिर्बंध’ असे तीन विभाग होते. कारखान्यांच्या वाट्याला आलेल्या विभागाचे हे तिसरे नाव बोलके आहे.

ओहायओ राज्यातील यूक्लिड या क्लीव्हलंडलगतच्या गावाचा खटला १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निकालात निघाला आणि विभागीकरणाला अखेरची मान्यता मिळाली. अँब्लर रिअल्टी या कंपनीच्या ६८ एकर जमिनीचा एक भाग निवासी ठरल्याने तिची किंमत एकरी सु. दहा हजार डॉलरांवरून अडीच हजारांवर येते, अशी तिची तक्रार होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. हा खटला मालमत्तेच्या हक्कासाठी प्रसिद्ध असला, तरी गावाच्या नियमांची रचना अधिक अभ्यसनीय आहे. त्यात भूवापराचे सहा वर्ग होते व ते संचयी होते. म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या विभागात पहिल्या वर्गाचे वापर चालत, तिसऱ्यात पहिल्या दोहोंचे, आणि सहाव्यात सर्वच. या सहाव्या वर्गात मैलाशुद्धी केंद्रे, कचरा जाळण्याच्या भट्ट्या, भंगाराची कोठारे, दफनभूमी, तुरुंग आणि अन्यत्र न बसणारे सर्व कारखाने घातलेले होते. पण शाळा आणि घरे बांधण्यासही तेथे आडकाठी नव्हती.

संचयी पद्धतीतील संरक्षण अशा रीतीने एकाच दिशेने वाहते. चांगल्या वस्तीत कारखाना येऊ शकत नाही, परंतु कारखान्यांच्या विभागात घर येऊ शकते. आणि तेथे घर बांधणारा स्वस्त जमिनीवाचून दुसरा उपाय नसलेला असतो. नियमकर्त्यांना हा दोष बराच काळ दोष वाटला नाही, कारण गृहस्थाने आपल्या मर्जीने जागा निवडली असे धरले जाई. विशेष म्हणजे या व्यवस्थेविरुद्ध पुढे उद्योजकही उठले. घरे आली की तक्रारी येतात, रस्त्यांवर मुले येतात, विस्तारासाठी राखलेली जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जाते, असा त्यांचा अनुभव होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक नगरांनी औद्योगिक विभागांतून घरे वगळण्यास आरंभ केला. या पद्धतीला अनन्य विभागीकरण म्हणतात. पश्चिम जर्मनीच्या १९६२ च्या भूवापर नियमावलीने ‘औद्योगिक क्षेत्र’ हे प्रामुख्याने इतरत्र न चालणाऱ्या उद्योगांसाठी राखून, निवासाची मुभा अपवाद म्हणून केवळ पहारेकरी, देखरेख करणारे कर्मचारी व चालक-मालक यांना दिली. जपानमध्ये दोन्ही पद्धती शेजारीशेजारी नांदतात. तेथील ‘औद्योगिक’ विभागात घरे चालतात, मात्र शाळा व रुग्णालये चालत नाहीत. ‘केवळ औद्योगिक’ विभागात घरेही चालत नाहीत. राहण्यास हरकत नाही पण मुलाला शाळेत घालण्यास आहे, ही तडजोड तर्काला पटण्यासारखी नसली, तरी लहान कारखानदार आणि त्याचे कुटुंब एकाच छपराखाली राहत असलेल्या देशात ती समजण्यासारखी आहे.

कार्यमान-निकष : उद्योगांच्या नावांच्या याद्या करून परवानगी देण्याची रीत लवकरच अपुरी पडली. एकाच नावाचे दोन कारखाने, एक जुन्या व एक नव्या यंत्रसामग्रीचा, शेजाऱ्यांना अगदी निराळा त्रास देतात. अमेरिकन नगररचनाकार डेनिस ओहॅरो यांनी १९५१ मध्ये असे सुचविले की, कारखाना काय बनवितो हे न पाहता तो बाहेर काय टाकतो ते मोजावे. शिकागोने १९५७ मध्ये व न्यूयॉर्कने १९६१ मध्ये हे तत्त्व स्वीकारले. न्यूयॉर्कच्या नियमांत एम–१, एम–२ व एम–३ असे तीन औद्योगिक विभाग असून आवाज, कंपने, धूर, दुर्गंधी, विषारी द्रव्ये, किरणोत्सर्ग, आग व स्फोट यांचा धोका, आर्द्रता, उष्णता व झगझगाट यांबाबत निकष आहेत. एम–१ मध्ये ते सर्वांत कडक आणि एम–३ मध्ये सर्वांत सैल असतात. धुराचा काळेपणा मोजण्यासाठी अशा नियमांत रिंगेलमान तक्ता वापरीत. त्यातील करड्या छटांशी धुराच्या लोटाची नजरेने तुलना केली जाते. प्रत्येक क्रमांकागणिक काळेपणा वीस टक्क्यांनी वाढतो. हे निकष सामान्यतः भूखंडाच्या वा विभागाच्या सीमेवर तपासले जातात.

पद्धत शास्त्रीय असली, तरी तिच्या दोन मर्यादा आहेत. मोजमाप करण्यासाठी उपकरणे व प्रशिक्षित निरीक्षक लागतात, आणि ते बहुतेक नगरपालिकांकडे नसतात. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. निकष मोजतात तो रोजचा उपद्रव. वर्षानुवर्षे निर्दोष चाललेला कारखाना एका रात्रीत काय करू शकेल, हे सीमेवरच्या मोजणीवरून कळत नाही.

अंतराचे नियम : या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंतर हेच आहे. सोव्हिएट रशियात उद्योगांचे पाच आरोग्यविषयक वर्ग करून कारखाना व वस्ती यांच्यामध्ये १,०००, ५००, ३००, १०० व ५० मी. रुंदीचे संरक्षक पट्टे ठेवण्याची पद्धत पडली. तेथे सर्व जमीन शासनाच्या मालकीची असल्याने तसे फर्मान काढणे सोपे होते. खाजगी मालकीच्या देशांत हा पट्टा कोणाच्या जमिनीतून काढावयाचा, हा प्रश्न उभा राहतो. कारखान्याने आपल्या आवारात मोकळी जागा सोडावी, की शेजारच्या मालकाच्या बांधकामावर बंदी घालावी? पहिल्या मार्गाने उद्योगाचा खर्च वाढतो, दुसऱ्याने शेजाऱ्याला भरपाई देण्याचा प्रसंग येतो. म्हणून पट्टा नकाशावर राहतो आणि जमिनीवर आक्रसत जातो.

इटलीतील सेव्हेझो येथे १० जुलै १९७६ रोजी डायॉक्सिनयुक्त वायू वस्तीवर पसरला. भोपाळमध्ये २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायू प्रथम पोहोचला तो कारखान्याच्या भिंतीलगतच्या दाट झोपडवस्तीत. या दुर्घटनांनंतर विभागीकरणाकडे अपघात-नियोजनाचे अंग म्हणून पाहिले जाऊ लागले. यूरोपीय समुदायाच्या १९९६ च्या निदेशाने धोकादायक कारखान्यांभोवतीच्या भूवापराचे नियोजन सदस्य देशांना बंधनकारक केले. ब्रिटनमध्ये अशा कारखान्याभोवती आतला, मधला व बाहेरचा असे तीन पट्टे आखतात आणि बांधकामात कोण राहणार, यावरून सल्ला देतात. गुदाम चालेल तेथे वृद्धाश्रम चालेलच असे नाही. भारतात कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगांच्या जागेची छाननी करणाऱ्या समितीची तरतूद झाली; १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम आले.

महाराष्ट्र : राज्यात १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले व १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हा विकास योजनांचा आधार बनला. बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत सेवा उद्योग (आय–१), सामान्य उद्योग (आय–२) व विशेष उद्योग (आय–३) असे तीन विभाग होते. त्याच नियमावलीने औद्योगिक भूखंडावर महापालिका आयुक्तांच्या परवानगीने निवासी वापराची वाट मोकळी केली. बंद कारखान्यांच्या बाबतीत कामगारांची देणी चुकती झाल्याबद्दल कामगार आयुक्तांचे प्रमाणपत्र मागितले जाई. भांडुप–मुलुंड पट्ट्यातील अनेक कारखान्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली. बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी घरे बांधणे तसे गैर नव्हे. अडचण येते ती शेजारचा कारखाना चालू असताना. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी लगतच्या इमारतींच्या खिडक्यांची तावदाने फुटली.

तुर्भे–माहूल भागाचे उदाहरण यापेक्षा निराळे आहे. तेथे १९५० नंतरच्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने निघाले, पुढे खत कारखाना आला. माहूल व आंबापाडा येथील मूळ वस्ती मात्र त्याहून जुनी. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये तेथील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे नमूद केले. त्यानंतरही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना माहूलच्या पुनर्वसन वसाहतीत घरे देण्यात आली. येथे घर मर्जीने निवडलेले नव्हते. ते शासकीय यंत्रणेने नेमून दिलेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये या कुटुंबांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला आणि पर्यायी घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रु. भाडे व ४५,००० रु. अनामत रक्कम देण्याचा आदेश दिला.

अलीकडे मिश्र वापराच्या विभागांना पुन्हा मान्यता मिळत आहे. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये कारखाने व घरे यांचे विशेष मिश्र विभाग निर्माण केले, परंतु त्यांत निवासी विभागाशी जोडी लावली ती एम–१ ची. एम–३ हा विभाग या योजनेबाहेरच ठेवण्यात आला.